गळक्या ब्रेकची परीक्षा, पहूर ते कोंडाईबारी

आमच्या सायकल मंडळाचे अकरा नियम आहेत आणि अकराही कॅप्टननी केलेले आहेत. कॅप्टन कधी सैन्यात नव्हते, जहाजावरही नव्हते. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन झाले. तेव्हापासून पुण्याच्या टेकड्यांवर त्यांच्या शिट्टीशिवाय पान हलत नाही.

अकरावा नियम असा: आपला ब्रेक आपल्या हातांनी. आमच्या डोंगरी सायकलींना चकतीचे ब्रेक असतात. दांडीवरचा खटका दाबला की बारीक नळीतलं तेल पुढे सरकतं आणि चाकावरच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. नळीत हवा शिरली की खटका पावासारखा मऊ लागतो आणि सायकल थांबायचं की नाही ते स्वतः ठरवते. मग जुनं तेल हवेसकट बाहेर काढून नवं भरायचं, त्याला ब्लीड करणं म्हणतात. ज्याला हे जमत नाही, त्याला जूनमधल्या हिमालयाच्या सफरीत जागा नाही. सफरीत एकच जागा उरली होती आणि मला ती हवी होती. नुसती हवी नव्हती. गेली दोन वर्षं मी त्या जागेसाठी पहाटे उठत होते, कॉलेजात रसायनशास्त्राचे तास घेऊन संध्याकाळी पुन्हा टेकडी चढत होते, आणि मंडळातले पुरुष "मॅडम, जमेल ना?" असं विचारायचे तेव्हा गोड हसत होते. त्या हसण्याचा आता कंटाळा आला होता.

परीक्षा घ्यायला कॅप्टन स्वतः येणार होते. डिसेंबरच्या सुट्टीत खानदेश पालथा घालायचा आणि शेवटी साक्रीच्या पुढचा कोंडाईबारी घाट उतरून दाखवायचा, असं ठरलं. वाटेत ब्रेकचं जे होईल ते मी निस्तरायचं.

पहूर

जळगावला सायकली गाडीतून उतरवल्या आणि पहूरची वाट धरली. दोन्ही अंगांना केळी, नाहीतर वेचणी होत आलेली कपाशी. माझा पुढचा ब्रेक वाटभर किंचाळत होता. नवे पॅड बसेपर्यंत ओरडतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या आवाजानं शेतातली माणसं वाकलेली सरळ होत होती आणि एका बैलानं तर चालणंच थांबवलं.

पहूरला माझ्या सहकारी सुलभाचे आईवडील राहतात. गाव त्यांना नाना आणि अक्का म्हणतं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. दुपारी शेतात भरीत होतं. भरीत म्हणजे पुण्यात आम्ही गॅसवर एक वांगं भाजून त्यात दही घालतो ते नव्हे. इथे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर हातभर लांबीची हिरवी वांगी टोपलीनं भाजतात, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटतात आणि वरून लसणाची फोडणी अशी ओततात की वांग्याला पोहता यावं. कॅप्टननी हात आडवा केला. "अक्का, मला तेल जरा कमी."

अक्कांनी पळी तशीच धरली. "तेल कमी टाकाचं तं मंग भरीत कायले कराचं?" असं म्हणून पळी उलटी केली.

कॅप्टननी तीन वेळा मागून घेतलं. नाना मात्र जेवणात नव्हतेच. ते माझ्या सायकलीभोवती फिरत होते.

"बाई, हे पुढचं चाक इतकं कायले वरडते?"

"नवीन आहे नाना. होईल हळूहळू शांत."

"पार रस्त्यावून आयकू आली मले," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दारात आलेल्या माणसाचं दुखणं बघितल्याची काळजी होती.

इथे आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. पुण्यात पाहुणा आला की यजमान पहिल्यांदा विचारतो, गाडी कुठे लावलीत? फाटकासमोर नाही ना? पाहुण्याच्या वाहनाशी आमचा संबंध तेवढाच. पहूरला पाहुण्याचं वाहनही पाहुणा असतं. पूर्वी बैल असायचे, तेव्हा त्यांना चारापाणी आणि बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय पाहुण्याला निरोप देत नसत. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

सकाळी उठून बाहेर आले तर माझी सायकल आरशासारखी पुसलेली. कॅप्टनची सायकल त्यांच्या निळ्या कव्हरात, गाठीसकट, जशीच्या तशी. नाना खांद्यावर फडकं टाकून उभे होते.

"जा आता बिनघोर," ते म्हणाले.

मी निघाले. पुढचा ब्रेक दाबून पाहिला. हूं की चूं नाही. पॅड बसले एकदाचे, असं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

पारोळा

जळगावहून पुढे एरंडोल ओलांडलं आणि पहिला बरा उतार लागला. मी ब्रेक दाबला. सायकलीनं ऐकलं, पण सरकारी कचेरीत ऐकतात तसं. पुन्हा दाबला. मग खमंग लसणाचा वास आला.

"ढाबा!" कॅप्टन मागून ओरडले.

ढाबा दिसेना. पुढच्या उतारावर पुन्हा वास आला, पुन्हा ढाबा नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की खानदेशात फोडणीचा वास चार कोसांवरून येतो. सुशिक्षित माणसं काय वाटेल ते ठरवू शकतात. बऱ्याच वेळानं खरा ढाबा लागला, तिथे लाल तर्रीची शेवभाजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि तो विषय तिथेच संपला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उतार आला की कॅप्टन सायकलवरून उतरायचे आणि फोटो काढायचे. कपाशीचा फोटो, मैलाच्या दगडाचा फोटो, रिकाम्या आभाळाचा फोटो. एरवी ते उतारावर हात सोडून दाखवतात. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणूस हळवा होतो.

पारोळ्याला चहाच्या टपरीवर कॅप्टननी वाकून माझं पुढचं चाक पाहिलं आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसे गंभीर झाले. चकतीवर, पॅडच्या घरावर, सगळीकडे तेलाचा तवंग होता.

"लीक," ते म्हणाले. "पॅड दाबणाऱ्या पिस्टनचं सील गेलं. मागच्याचंही जाणारसं दिसतंय. मॅडम, हीच तुमची परीक्षा."

मी हातमोजे घातले. पण परीक्षकालाच उत्तर लिहायची घाई झाली होती. "मी फक्त दाखवतो," म्हणत त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला. खटक्यावर तेलाची वाटी लावायची असते, खालून सिरिंजनं तेल वर ढकलायचं असतं. कॅप्टन म्हणाले, वाटीची गरज नाही, हवा हलकी असते, आपोआप बाहेर पडते. त्यांनी खालचा स्क्रू सोडला, खटका दाबला आणि स्क्रू बंद करायच्या आत खटक्यावरचा हात काढला. तेल बाहेर आलं आणि हवा मोठ्या आनंदानं आत गेली.

तोवर भोवती माणसं जमली होती. सायकल माझी, हात काळे माझे, आणि सगळे प्रश्न कॅप्टनना. "भाऊ, किती गिअर शे?" "भाऊ, ताईले चालवता येस का?" भाऊ दोन्ही प्रश्नांची सविस्तर उत्तरं देत होते. त्या नादात स्क्रूवरची मोहरीएवढी रबरी कडी धुळीत पडली. मग आख्खी टपरी वाकून कडी शोधायला लागली. चहावाल्यानंही स्टो बारीक केला. त्यांना शर्टाचं एक बटण सापडलं, एक जुनी किल्ली सापडली आणि दोन्ही वस्तू त्यांनी मला आदरानं आणून दिल्या. कडी सापडली नाही.

कडीशिवाय स्क्रू आवळला तर आता खरंच गळायला लागलं, थेंब थेंब. खटका थेट मुठीला टेकत होता.

"बघा," कॅप्टन म्हणाले, "आता निदान पक्कं झालं."

धुळ्यापर्यंत मी मागच्या अर्ध्या ब्रेकवर आणि बुटांच्या तळव्यांवर आले. वाटेत कॅप्टननी मंडळाच्या ग्रूपवर लिहिलं, 'मॅडमच्या ब्रेकची स्थिती नाजूक. निर्णय साक्रीला.' खाली अंगठ्यांची रांग लागली. एकानं रडका चेहरा टाकला, तोच जो त्या जागेसाठी माझ्या मागे नंबर लावून बसला होता.

सोनगीर

सोनगीरला कॅप्टनना किल्ला बघायचा होता. "तुम्ही ब्रेकचं बघा," असं सांगून ते शिट्टी अडकवून निघून गेले. मी तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानांवरून सायकल ढकलत मोटरसायकलच्या एका गॅरेजपाशी आले. गॅरेज मिलिंदभाऊंचं. चाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी सायकल उलटी केली नाही, खटका दाबला नाही, मला काही विचारलंही नाही. चकतीवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी आठवली.

"ताई, हाई ब्रेकनं तेल नही शे."

"म्हणजे?"

"हाई तं शेंगदाणानं तेल शे. लसून बी शे मझार. वास तं ली देखा."

मी वास घेतला. भरीत. पहूरचं, अक्कांचं, पऱ्हाटीच्या जाळावरचं भरीत. एरंडोलच्या उतारावरचा ढाबा कुठे होता ते तेव्हा कळलं. तो माझ्या पुढच्या चाकात होता. नानांनी ओरडणाऱ्या चाकाला पाहुण्याच्या बैलाइतक्या मायेनं तेल पाजलं होतं, आणि तेलकट चकतीवरून पॅड नुसते घसरत होते.

मी हसले नाही. मला राग आला, आणि तो नानांचा नव्हता, कॅप्टनचाही फारसा नव्हता. बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की बाटलीवरची चिठ्ठी वाचून थांबू नका, स्वतः तपासा, हातानं वारा घालून वास घ्या. आणि एका शिट्टीवाल्या माणसानं लीक म्हटल्याबरोबर मी माझं नाक पुण्याला ठेवून आल्यासारखी मान डोलावली. शाबूत ब्रेक त्याला उघडू दिला. त्या जागेच्या लोभानं मी परीक्षार्थी झाले होते, आणि परीक्षार्थ्याला प्रश्नच चुकीचा आहे असं म्हणायचं सुचत नाही.

"आते काय करतस?" मिलिंदभाऊंनी विचारलं.

"तुम्ही दुरुस्त करून द्याल?"

त्यांनी फळीवरची मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली काढली, मग खटक्यावरची बारीक अक्षरं डोळे बारीक करून वाचली आणि बाटली परत ठेवली. "हाई चालाव नही. याले येगळं तेल लागस. तुम्हनाकडे शे का?" माझ्या पिशवीत होतं, कॅप्टनच्या हातून वाचलेलं, अर्धी बाटली. कार्ब्युरेटरच्या सुट्या भागांच्या डबीतून त्यांनी एक रबरी कडी शोधून काढली, माझ्या स्क्रूवर बसवली आणि पाना माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच करा ताई. मी देखस."

तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी पाना माझ्या बाजूनं वळवला होता. मी चाकं काढली, तेल प्यालेले पॅड फेकले, चकत्या स्पिरिटनं घासून घासून पुसल्या. पॅडच्या जागी मिलिंदभाऊंनी लाकडाची चिप तासून दिली, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून. वर वाटी लावली, खाली सिरिंज. सिरिंजची नळी सारखी निसटत होती, तर त्यांनी सलाइनच्या नळीचा तुकडा आणून तारेनं आवळून दिला. जुनं तेल पकडायला शेजारच्या तांबटानं पोचा आलेली पितळी वाटी दिली. मी सिरिंज दाबली. वरच्या वाटीत बुडबुडे आले, आधी मोठे, मग साबुदाण्याएवढे. मी नळीवर टिचक्या मारत राहिले.

"घाई नका करा," एवढंच ते मधे एकदा म्हणाले.

शेवटचा बुडबुडा यायला खूप वेळ लागला. तो फुटला, मी स्क्रू आवळला, नवे पॅड बसवले, खटका दाबला. टणक, दगडासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते शेवभाजीचं नव्हतं. मिलिंदभाऊ तेवढा वेळ पान्यांच्या रांगेकडे बघत राहिले, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

कॅप्टन किल्ल्यावरून आले. मी त्यांना शेंगदाण्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तरी मूळ सील कमकुवत असणारच." मी विचारलं, तुमच्या सायकलीचं काय? ते हसले. "माझी कव्हरात होती. गाठ माझी स्वतःची आहे, जहाजी."

साक्री आणि पुढे

साक्रीला बाजाराचा दिवस होता. पाड्यांवरून आलेल्या बाया नागली, आवळे, कसली कसली कंदमुळं घेऊन बसल्या होत्या. एका म्हातारीनं मला बोरं दिली आणि सायकलीला हात लावून पाहिला. मी दचकून विचारलं, "आजी, तेल तर नाही ना लावलं हाताला?" ती खो खो हसली. तिला काय कळलं कोण जाणे.

पुढे रस्ता चढत गेला आणि कोंडाईबारीच्या माथ्यावर आलो. खाली सागाचं जंगल, वळणावळणाचा उतार, मालमोटारींची रहदारी. कॅप्टननी नेहमीप्रमाणे फोनला हात घातला. मी म्हटलं, "फोटो नंतर. परीक्षा आहे ना? तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते."

त्यांनी उताराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली आणि निघाले.

पहिलं वळण बरं गेलं. माझा ब्रेक सांगेन तिथे धरत होता, सोडेन तिथे सोडत होता. इतकं छान वाटत होतं की मी गुणगुणायला लागले. दुसऱ्या वळणाच्या आधी वास आला. लसणाची खमंग फोडणी.

आजूबाजूला ढाबा नव्हता, घर नव्हतं, सागाशिवाय काही नव्हतं. आणि माझ्या पुढे फक्त कॅप्टन होते.

"कॅप्टन! डावीकडे घ्या! बाजूला!"

ते दोन्ही पाय खाली सोडून बूट घासत होते. शिट्टी तोंडात तशीच होती आणि श्वासागणिक बारीक वाजत होती. समोरून मालमोटार वर येत होती. वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता, कुणी टाकला त्याला देव सुखात ठेवो. कॅप्टन सायकलीसकट त्यात कंबरेपर्यंत घुसले आणि थांबले. मालमोटार हॉर्न वाजवत निघून गेली.

मी सायकल टाकून धावले. गुडघा सोलला होता, चष्मा तिरपा झाला होता. बाकी कॅप्टन शाबूत होते. मी त्यांच्या चकतीवर बोट फिरवलं आणि त्यांच्या नाकाखाली धरलं. "घ्या वास."

त्यांनी घेतला. चष्मा सरळ केला आणि पुन्हा घेतला.

मी तिथूनच नानांना फोन लावला, आवाज मोठा करून. "नाना, तुम्ही सरांच्या सायकलीलाही तेल घातलं होतं का हो?"

"हो तं!" नाना म्हणाले. "ती कव्हरात व्हती, पन पाव्हन्यायत भेदभाव कसा कराचा? गाठ सोडली, तेल सोडलं, मंग व्हती तशी गाठ मारली. मानसाले वाईट वाटाले नको. काऊन, आता वाजत नाही ना?"

"नाही नाना, अजिबात वाजत नाही."

"पुन्हा वाजली तं घिऊन या. तेल हाय."

फोन ठेवला. माझ्या तोंडात ठेवणीतली चार वाक्यं तयार होती, एरंडोलपासून जमवलेली. ती जहाजी गाठीपासूनच सुरू होत होती. पण कॅप्टन आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले होते, मुठी मिटत होते, उघडत होते.

"मला वाटलं, माझ्या हातातलाच जोर गेला," ते म्हणाले. "तीन दिवस. परवापासून रोज सकाळी टॉवेल पिळून बघतोय. हिमालयाचं तुमचं नाही, माझंच रद्द करायचं ठरवत होतो. कुणाला सांगणार, मॅडम?"

ती चार वाक्यं मी गिळली. सगळ्या नियमांमागे, शिट्टीमागे, आभाळाच्या त्या रिकाम्या फोटोंमागे एक घाबरलेला माणूस बसला होता, आणि तोही माझ्यासारखाच वास घ्यायचा सोडून भलतंच मान्य करून मोकळा झाला होता. मी त्यांचा गुडघा धुतला. मग रस्त्याच्या कडेला त्यांचे पॅड बदलले, चकत्या पुसल्या. पाना या वेळी त्यांनी मागितला नाही. दोघंही घाट नीट उतरलो.

जागा मला मिळाली. 'मॅडम उत्तीर्ण,' असं कॅप्टननी ग्रूपवर लिहिलं आणि अंगठे वाजले. माझ्या हाताला त्या दिवशी पुण्यापर्यंत लसणाचा वास होता, दोनदा साबण लावूनही.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी ग्रूपवर आणखी एक संदेश आला. 'नियम बारावा: ब्रेक उघडण्याआधी वास घ्यावा. खानदेश मोहिमेतील प्रदीर्घ निरीक्षणांवरून. आपला, कॅप्टन.' मी तो दोनदा वाचला आणि सगळ्यात आधी अंगठा दिला.